फ्रेंच सिनेमा आणि माझा माईक

इस्लामपुरात कार्यक्रम कुठलाही असो, साउंडवाला एकच. वायरींच्या भेंडोळ्याशेजारी मांडी घालून बसतो आणि भाषण लांबलं की दोन बोटांनी आवाजाचं बटण अलगद मागं फिरवतो. वक्त्याला पत्ताही लागत नाही. त्याची ही खोड मी चारचौघांत रंगवून सांगायचो.

परवा आमच्या शाळेत मुलांना फ्रेंच कार्टून सिनेमा दाखवला. मी पुण्यात सहा महिने फ्रेंच शिकलेला, म्हणून माईकवर मराठीत अर्थ सांगत होतो. सिनेमातल्या मुलीची होडी उलटली, पोरं किंचाळत उभी राहिली, आणि मी अजून आधीच्या वाक्यातच अडकलेलो.

घाम पुसत साउंडवाल्याला विचारलं, "मागं ऐकू जातंय ना?"

"तुमी बोला की निवांत, सर. माईक मघापासनं बंद हाय."