चहाच्या कपाखालचा काळा तुकडा

कल्पना करा, तुमच्यासमोर भांडंभर पाणी आहे आणि चिमूटभर काळी भुकटी. ती पाण्यात मिसळायची, एवढंच काम. पण ही भुकटी म्हणजे कार्बनच्या नळ्या, केसाहून हजारपटीने बारीक आणि एकमेकींत गुंतलेल्या. ढवळा, हलवा, साबण घाला; त्या पाण्याला दाद देत नाहीत.

काजळी गेला महिनाभर त्यांच्याच मागे होती. तिच्या नाकावर कायम भुकटीचा काळा ठिपका, म्हणून हे नाव तिच्या दादाने ठेवलेलं. दादाचं रबराच्या पत्र्यांचं छोटं वर्कशॉप. त्यांचे बाबा शीतगृहात खोकी रचायचे आणि घरी यायचे ते पायांची बोटं बधिर करून. रबरात या नळ्या नीट पसरल्या, तर त्यातून वीज जाईल, रबर गरम होईल आणि बाबांच्या बुटात बसेल, असा काजळीचा बेत. त्यासाठी दादाने कंपनं देणारं यंत्र भाड्याने आणलं होतं. त्याची सळई पाण्यात बुडवली की धक्क्यांनी गुंता सुटतो. आज संध्याकाळी ते परत जाणार होतं.

पहिलं भांडं तिने थोडाच वेळ हलवलं होतं; त्यात गुंत्याचे ठिपके राहिले, म्हणून त्याचा रबरी पत्रा तिने न तपासताच मोडीत काढला. दुसरं भांडं तापू नये म्हणून बर्फात ठेवून तिने काल दिवसभर यंत्राने हलवलं. पाणी शाईसारखं एकजीव झालं. त्यात पातळ रबर मिसळून केलेला पत्रा वाळला तेव्हा इतका गुळगुळीत होता की दादानेही त्यावरून हात फिरवला.

तिने पत्र्याला तारेचे चिमटे लावले, बॅटरी आणि छोटा दिवा जोडला. दिवा पेटलाच नाही.

दादा यंत्राची वायर गुंडाळायला लागला. काजळीची नजर त्याच्या टेबलावर गेली. मोडीतल्या पत्र्याचा तुकडा त्याने चहाच्या कपाखाली घेतला होता. तिने कप उचलला.

“अगं, चहा आहे त्यात.”

तिने तुकडा पुसला, चिमटे लावले. दिवा लख्ख पेटला.

मग तिने हळूहळू उलगडून सांगितलं. गुंता सोडवायच्या नादात तिने नळ्यांचे तुकडेच पाडले होते. एवढे आखूड की एकीचा हात दुसरीपर्यंत पोचेना, मग वीज जाणार कुठून? ठिपक्यांच्या पत्र्यात नळ्या लांबच होत्या.

“म्हणजे कामसू बाई, तू जरा आळस केला असतास तर जमलं असतं,” दादा म्हणाला आणि गुंडाळलेली वायर त्याने परत सोडली. भाडेवाल्याला फोन करून त्याने यंत्र आणखी आठवडाभर ठेवून घेतलं.

तिसरं भांडं यंत्राला लावून बाबांच्या जुन्या बुटाचं माप काढताना काजळीचे कान यंत्राच्या किणकिणीकडेच होते. गुंता सुटणं संपून नळ्या तुटायला लागतात, तो क्षण डोळ्यांना दिसत नाही. मग या आवाजात तो ऐकू येत असेल का?