ताहेराबीची पिवळी बांगडी

जळकोटला बसथांब्याच्या मागे ताहेराबी मणियारचं बांगड्यांचं दुकान आहे. वय अडुसष्ट. आसपासच्या चाळीसेक हिंदू घरांतले लग्नाचे चुडे ती भरते. कुणाच्या घरात काळी बांगडी चालत नाही, कुणाची देवी लाखेचीच मागते, कुठल्या सुनेनं पहिला चुडा कोणत्या महिन्यात बदलायचा, हे तिला तोंडपाठ आहे. घरच्यांना असेलच असं नाही.

हे उघड झालं ते गावातल्याच निकितामुळे. ती धाराशिवला एम.ए. करते. प्रकल्पाचा विषय मिळाला होता: आजच्या समाजातला जिवंत हिंदू धर्म. प्राध्यापकांच्या तक्त्यात चार रकाने होते. रीत कोणती, कोण पाळतं, कधीपासून, कुणाकडून कळली. निकिताचं स्वतःचं लग्न महिन्यावर आलं होतं, म्हणून तिनं लग्नाच्याच रीती घेतल्या आणि चौदा घरं फिरली. चौथ्या रकान्यात अकरा घरांनी एकच उत्तर दिलं, "ताहेराबीला इचार." उरलेल्या तिघींनी शास्त्रात आहे म्हणून सांगितलं. कुठल्या शास्त्रात, असं विचारल्यावर त्यातल्या दोघी म्हणाल्या, "ते ताहेराबीला ठावं."

अडलं ते निकिताच्या घरच्याच एका रीतीवर. घरात येणाऱ्या सुनेच्या आणि घरातून जाणाऱ्या लेकीच्या हिरव्या चुड्यात एक पिवळी बांगडी असते. खंडोबाच्या भंडाऱ्याचा रंग, असं तिची आजी दगडाबाई सांगते. कुलदैवत अणदूरचा खंडोबा, तेव्हा शंका घ्यायचं कारण नव्हतं. निकितानं घेतली. बाहेरगावच्या भावकीला फोन केले. कुणाकडेच पिवळी नव्हती. भावकीतल्या ज्या सात घरांत होती ती सगळी जळकोटची, आणि सातही घरांचे चुडे एकाच हातानं भरलेले.

या सात घरांत रीत पक्की झाली ती एका अपघातानं. निकिताचा चुलता रणधीर याच्या बायकोचा चुडा सोलापुरात भरला गेला, पिवळी राहिली, आणि वरातीची जीप नाल्यात उतरली. कुणाला खरचटलंही नाही. ड्रायव्हर प्यालेला होता, हे सगळ्या वऱ्हाडाला माहीत होतं. दोष बांगडीला गेला.

निकिता तक्ता घेऊन दुकानात गेली.

"मावशी, ही पिवळी कधीपासून?"

"निजामापासून."

"निजामात तुमी व्हता?"

"सासू व्हती माझी."

"मग त्यांनी माझ्या पणजीला भरली व्हती का?"

ताहेराबीनं नसलेली धूळ पुसली. "तुझ्या मास्तरला येवढं कशाला लागतंय?"

मग खरं सांगितलं. साल शहाण्णव. निकिताचा बाप बलभीम याचं लग्न, मांडव दारात, मुहूर्त डोक्यावर. नवरीच्या हातात भरताना एक बांगडी वाढली, म्हणजे फुटली. लग्नघरात तो शब्द उच्चारत नाहीत. त्या मापाची हिरवी पेटीत दुसरी नव्हती. हाताला पिवळी लागली, ती चढवली. दगडाबाईनं डोळे वटारले तेव्हा ताहेराबी तोंडाला आलं ते बोलून गेली, "तुमच्यात भंडाऱ्याची एक लागतीच की."

"लिवू नको, माय," ताहेराबी म्हणाली. "हिरवी बांगडी सोलापुरात स्वस्त मिळती. लोक माझ्याकडं बांगडीला न्हाय येत, शब्दाला येतात. एक रीत खोटी निघाली की चाळीस घरं बाकीच्या तपासायला बसतील."

"आन् बाकीच्या?"

"खऱ्या हायत." हातातल्या बांगड्या मोजत म्हणाली, "बऱ्याचशा."

निकितानं शब्द दिला नाही. तक्ता घडी करून पर्समध्ये ठेवला.

चुड्याच्या दिवशी ताहेराबी पेटी घेऊन घरी गेली. निकिताच्या दोन्ही हातांत हिरव्या भरून झाल्या. बायका पिवळीची वाट बघत होत्या. निकिता ताहेराबीच्या तोंडाकडे बघत होती. कागदातून निघण्यापेक्षा आपल्या तोंडून निघालेलं बरं, असा हिशेब ताहेराबीनं तिथल्या तिथं केला.

ती दगडाबाईला म्हणाली, "पाटलीणबाई, ही पिवळी तुमच्या देवाची न्हाय. माझी हाय." आणि शहाण्णव सालचं सगळं सांगितलं.

निकिताच्या आईनं स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. रणधीरची बायको म्हणाली, "म्हंजे ती जीप?"

"ड्रायव्हरनं घातली, काकू," निकिता म्हणाली.

दगडाबाई पलंगावर सरसावून बसली. "किती कमी पडल्या व्हत्या गं?"

"एक."

"पेटीत दुसरे रंग व्हते का?"

"व्हते की. लाल, निळ्या, पिवळ्या."

"मग हात पिवळीवरच कसा गेला?"

"वरच व्हती ती."

"वर कुनी ठिवली?"

ताहेराबी पेटीकडे बघायला लागली.

"तुला वाटतंय रीत तू लावली. येड्यावानी बोलू नको. तुला काय कळतंय आमच्या देवाचं? भर."

ताहेराबीला हिंदूंच्या देवाचं काही कळत नाही, असं जळकोटात पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं. तिनं मान खाली घातली आणि पिवळी चढवली. बायकांनी आपापल्या पिवळ्या पदराआड नेल्या होत्या, त्या पुन्हा बाहेर आल्या.

बायका पांगल्यावर दगडाबाईनं ताहेराबीला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

"निकिताच्या सासरची मानसं धाराशिवच्या पल्याडल्या वाशीची हायत. नात एकदा तिकडं गेली की दिवाळीशिवाय दिसायची न्हाय. तू त्यांना सांग, आमच्यात पहिलं वर्षभर पोरगी दर पंधरा दिवसाला म्हायेरी येती. तुझं ऐकतील."

"कवापासून हाय ही रीत?"

"आत्तापासून."

ताहेराबीनं विचार केला. "पंधरा दिवस म्हणलं की लबाडी वाटती. आवस म्हणा. आवसेचं कारण कुनी इचारत न्हाय."

"आन् पुनव?"

"हाव करू नका, पाटलीणबाई."

लग्नात जेवणं उरकल्यावर ताहेराबी नवरदेवाच्या आईजवळ जाऊन बसली. तिच्या बांगड्यांचं कौतुक केलं, माप विचारलं, आणि मग गंभीर होऊन आवसेची रीत सांगितली. विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते काय सांगायचं, मावशी?" त्या म्हणाल्या. "आमच्यातबी हाय की. सासूबाईंच्या आधीपासून."