बूट माझ्या हातात होते

तो फोटो तुम्ही कदाचित पाहिलाही असेल. जहाजातून धक्क्यावर उतरणारी फळी, तिच्यावर पाठीवर पोतं घेतलेला उघड्या अंगाचा माणूस, आणि फोटोच्या अगदी मध्यावर त्याचे अनवाणी पाय. कंपनीच्या नव्या हॉलमध्ये तो भिंतभर लावलाय. लोक समोर उभे राहून उसासे टाकतात. एका बाईला तर मी डोळे पुसताना पाहिलं. तिला सांगावंसं वाटलं, बाई, ते पाणी वाचवा. तो माझा थोरला भाऊ आहे, आणि त्याचे बूट तेव्हा माझ्या हातात होते.

दादा मालधक्क्यावर हमाल आहे. मी तिथल्याच गोदामात फाटकी पोती शिवते. दाभण, सुतळी आणि तोंड ही माझी हत्यारं, असं दादा म्हणतो, आणि त्यात तोंड सगळ्यात टोकदार. तो स्वतः माझ्या अगदी उलट. कुणाला नाही म्हणणं त्याला जमतच नाही. शेजाऱ्याचं कपाट हलवायचं असो, कुणाच्या सासूला स्टेशनवर सोडायचं असो, दादा तयार. आई त्याला म्हणायची, "भीड भिकेची बहीण असते रे." दादा माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "माझी बहीण तर ही आहे."

एका बाबतीत मात्र तो कुणाचं ऐकत नसे. बूट.

पूर्वी धक्क्यावर सगळेच अनवाणी काम करत. मग एका दुपारी क्रेनच्या साखळीतून पेटी निसटली आणि वहिनीच्या धाकट्या भावाच्या पायावर आली. उजव्या पायाची सगळी बोटं गेली. पोरगेल्या वयाचा मेहुणा, दादानेच त्याला कामाला लावलेलं. हमालांच्या टोळीने काम बंद केलं. घराघरांतल्या चुली थंडावल्या, वहिनीने भांडीसुद्धा विकली, तेव्हा कुठे कंपनी नमली आणि टोकाला आतून पोलाद बसवलेले बूट मिळाले. जुने झाले की नवे द्यायचे, असंही ठरलं. मेहुण्याला गेटवर बसवलं. त्यालाही बूट मिळाले. उजव्या बुटाच्या टोकात तो चिंध्या कोंबतो, नाहीतर पाय आत लटपटतो. चिंध्या मी पुरवते.

दादा कामावरून आला की आधी बूट, मग चहा. दारात जुनं वर्तमानपत्र पसरून बसायचा. फडक्याने पुसायचा, दात घासायच्या जुन्या ब्रशने शिवणीतली माती काढायचा, मग तेलाचा हात फिरवायचा. वहिनी म्हणायची, "इतक्या मायेनं माझ्याकडे बघितलं असतंत तर मीही चकाकले असते." टोळीतले चिडवायचे, "हा एक दिवस पोतं पायात घालेल आणि बूट डोक्यावर घेईल." दादाही त्यांच्याबरोबर हसायचा. हीच थट्टा पुढे त्याच्या अंगाशी येईल असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

मग तो फोटोवाला आला. जगभरची बंदरं, बाजार, गोदामं, मालगाड्यांची यार्डं, ट्रकचे तळ यांचे फोटो काढत फिरणारा नावाजलेला माणूस. मूळचा इकडचाच, म्हणून बोलायला आपल्यातला. जिभेवर साखर. आमच्या किटलीतला चहा त्याने आवडीने घेतला. सोबत कंपनीचा साहेब होता. रणरणत्या उन्हातही टाय सैल करत नाही म्हणून आम्ही त्याला टायसाहेब म्हणतो. फोटोवाल्याला सकाळचं कोवळं ऊन हवं होतं, म्हणून दादाला पाळी सुरू व्हायच्या आधीच बोलावलेलं. टोळी यायची होती. मी गोदाम उघडायला आले होते, तेवढीच काय ती माणसं.

दादा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, बूट चकाकवून आला होता. त्याला वरपासून खालपर्यंत पाहून फोटोवाल्याचा चेहराच उतरला.

"शर्ट काढाल का जरा?"

दादाने लाजत काढला.

"आणि बूट?"

"बूट नको साहेब. बुटांशिवाय फळीवर चढायचं नाही, असा आमचा नियम आहे."

"नियम बरोबरच आहे हो. पण बुटांमुळे फोटो कुठलाही वाटतो. पाय दिसायला हवेत."

दादा पुन्हा नाही म्हणाला. फोटोवाल्याने विनवलं, हसला, खांद्यावर हात टाकला. दादा मान हलवत राहिला. मी गोदामाच्या दारातून बघत होते आणि माझा विश्वास बसत नव्हता. माझा भाऊ चक्क नाही म्हणत होता! शेवटी टायसाहेब घड्याळाकडे बघत खेकसला, "काढ की रे, दोन मिनिटांचं काम. पाहुण्यांचा किती खोळंबा करशील?"

पाहुणा म्हटल्यावर दादा विरघळला. त्याने बूट काढले, इकडेतिकडे पाहिलं आणि मला हाक मारली. "धर गं. खाली ठेवू नकोस, ओल आहे." मी दोन्ही हातांत ते बूट धरून कॅमेऱ्याशेजारी उभी राहिले. दादा पोतं घेऊन फळीवरून वर गेला, खाली आला, पुन्हा वर, पुन्हा खाली. अनवाणी चालायची सवय सुटलेली, त्यामुळे पाय अवघडून पडत होते. फोटोत लोकांना तेच पाय थकलेले वाटतात.

पुढे फोटोवाल्याचं पुस्तक आलं. कंपनीने एक प्रत टोळीला पाठवली. दादाच्या फोटोखाली छापलं होतं, 'शतकानुशतकं अनवाणी'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शतकानुशतकं! अरे, बूट काढून पाव तास झाला नव्हता. माझ्या हातातल्या बुटांत अजून त्याच्या पायांची ऊब होती.

"जाऊ दे गं," दादा म्हणाला. "माणूस चांगला होता."

त्या पुस्तकातले बाकीचे फोटोही मी पाहिले. कुठल्याशा देशातला मासळीबाजार आणि टोपलीखाली वाकलेली म्हातारी. कुठलंसं धान्याचं गोदाम आणि कंदिलाच्या उजेडात तराजू धरलेला व्यापारी. फोटो देखणे आहेत, नाही कशाला म्हणू? पण आता मी प्रत्येक फोटोच्या कडेपाशी अडते. इथे बाहेर कोण उभं होतं? म्हातारीची हातगाडी कुणी बाजूला ओढून धरली? आणि विजेचे दिवे कुणाला घालवायला लावले? असतील किंवा नसतीलही, मला काय ठाऊक. पण एकदा फसल्यावर माणूस विचारणारच.

नवे बूट मिळायची वेळ आली. टोळीच्या बुटांचे तळवे उचकटायला लागले होते, मी ते दाभणाने सुतळी घालून शिवून देत होते. अशात टायसाहेबाने सगळ्यांना बोलावलं आणि जाहीर केलं, बूट मिळणार नाहीत. "दिलेले बूट तुम्ही घरी ठेवता आणि इथे अनवाणी फिरता. साऱ्या जगाने पाहिलंय." असं म्हणून त्याने पुस्तक उघडून धरलं. "आम्ही गेलो तेव्हा हा असाच उभा होता."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी गोदामातून धावत आले. "खोटं! तुम्हीच दटावून काढायला लावलेत. मी होते तिथे."

"बहीण भावाचीच बाजू घेणार," टायसाहेब म्हणाला.

टोळीतले एक-दोघे फिसकन हसले. सवयच ती, दादा आणि त्याचे बूट म्हटलं की हसायचं. मग हसू विरलं आणि त्यातला एक हळूच म्हणाला, "खरंच जपून घरी ठेवले होतेस काय रे?"

"नाही रे. त्यांनी काढायला सांगितले."

"आणि तू काढलेस?"

दादा आपल्या बुटांकडे बघू लागला. काढले तर होतेच.

मेहुणा गेटवरून काठी टेकत आला होता. त्याने पुस्तकातल्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. "माझी बोटं गेली तेव्हा ते बूट आले, भावोजी," एवढंच म्हणाला आणि परत गेला. त्या दिवसापासून त्याने दादाशी बोलणं टाकलं. सुट्टीच्या दिवशी हक्काने जेवायला यायचा, तेही बंद झालं. वहिनी नवरा आणि भावाच्या मध्ये भरडून निघाली. गेटमधून जाताना दादा पाऊल रेंगाळत टाकायचा, आणि तो नेमका तेव्हाच दुसरीकडे बघायचा.

दादाने बूट पुसणं सोडलं. दारात वर्तमानपत्र पसरेना. मातीने माखलेले बूट कोपऱ्यात पडून राहायचे. मला त्याचाही राग यायचा. भांड ना, त्या टायसाहेबाचा टाय धरून ओढ ना! पण भांडणार कुठल्या तोंडाने? आयुष्यात एकदाच तो नाही म्हणाला होता, आणि ते ऐकायला आपलं म्हणावं असं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मग हॉल बांधून झाला. भिंतभर फोटो, खाली तीन इंची पितळी अक्षरांत तेच 'शतकानुशतकं', आणि उद्घाटनाला खुद्द फोटोवाला. टोळीने स्वच्छ कपडे घालून पुढच्या रांगेत बसायचं आणि दादाला फुलांचा गुच्छ मिळायचा, असं ठरलं. दादा जायला तयार नव्हता. वहिनी म्हणाली, "नाही गेलात तर म्हणतील, चोराच्या मनात चांदणं. ते बूट पुसा आणि जा." तिनेच शेवटी पुसून दिले. मेहुण्याला त्या दिवशी हॉलच्या दारावर उभं केलं होतं.

फोटोवाल्याने छान भाषण केलं. कुठकुठली बंदरं, कुठकुठले बाजार. "पण हे पाय मी विसरलो नाही," तो म्हणाला. टाळ्या झाल्या. दादा गुच्छ मांडीवर घेऊन खाली मान घालून बसला होता. फोटोवाल्याने हसत विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

मी उभी राहिले. "या पायांतले बूट कुठे होते?"

"बाई, खाली बसा," टायसाहेब म्हणाला.

पण फोटोवाल्याचा चेहरा उजळला. "अरे, ही गंमत तर सांगायलाच हवी! हे गृहस्थ काय हट्टी हो! आरशासारखे चकाकणारे बूट घालून आले आणि काढायला तयारच नाहीत. नियम आहे म्हणे! मी विनवून विनवून दमलो, ऊन वर यायला लागलं. शेवटी आमच्या या साहेबांनी दटावलं तेव्हा कुठे निघाले. आणि एक बाई ते बूट धरून माझ्याकडे अशी बघत होती, मला वाटलं, आता फेकून मारते!"

अख्खा हॉल हसला. पुढची रांग हसली नाही. टोळीतला एकेक जण मान वळवून दादाकडे बघत होता. टायसाहेबाचा हात टायकडे गेला. आज पहिल्यांदाच तो टाय त्याला आवळत होता.

टायसाहेब खोटं बोलला, तो नोकरीसाठी बोलला असेल. पण या माणसाला सगळं लख्ख आठवत होतं. बूट, नियम, दादाचं नाही म्हणणं, मीसुद्धा. सगळं आठवत असूनही त्याने शतकानुशतकं लिहिलं, आणि त्यात काही वावगं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. मला त्याचाच राग जास्त आला. अजून येतो.

हसणं चालूच होतं, तेवढ्यात काठीचा आवाज आला. मेहुणा दारावरून चालत पुढे येत होता. दादाच्या शेजारच्या खुर्चीवर बसला, उजव्या बुटाची नाडी सोडली. बूट काढला, मोजा काढला, चिंध्या खाली पडल्या. मग त्याने तो पाय उचलून समोरच्या टेबलावर, फुलदाणीशेजारी ठेवला.

"पाय दिसायला हवेत ना तुम्हाला?" तो म्हणाला. "घ्या. काढा."

कॅमेरा फोटोवाल्याच्या गळ्यातच होता. त्याने तो उचलला नाही. त्याने टायसाहेबाकडे पाहिलं, टायसाहेबाने छताकडे.

दादा उठला. गुच्छ खुर्चीवर ठेवून गुडघ्यांवर बसला. खाली पडलेल्या चिंध्या गोळा केल्या, बुटाच्या टोकात एकेक करून नीट बसवल्या. मेहुण्याचा पाय टेबलावरून अलगद खाली घेतला, मोजा चढवला, बूट घातला, नाडी बांधली.

"घट्ट झाली का रे?"

"नाही, भावोजी. बरोबर आहे."

टोळीचे नवे बूट महिन्याभरात आले. फोटो मात्र आहे तिथेच आहे आणि खालची अक्षरंही. बदला म्हणून टोळीने सांगितलं, तर उत्तर मिळालं की फोटो आता जगप्रसिद्ध आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी दादाचे जुने बूट घेऊन तिथे जाते आणि फोटोच्या उजव्या कडेला, तेव्हा उभी होते तशीच, ते दोन्ही हातांत धरून उभी राहते. हॉलचा रखवालदार येऊन म्हणतो, "बाई, बाजूला व्हा, लोकांना फोटो बघायचाय." मी त्याला सांगते, मी बाजूलाच आहे.