डावा गाल

दादाचा अर्धाच चेहरा लाल झालाय. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून त्याच्या रक्तवाहिन्या आकसत होत्या, म्हणून डॉक्टरांनी सकाळी मानेत डावीकडे इंजेक्शन देऊन तिथले मज्जातंतू बधिर केले. "वाहिन्यांना तेच आवळून धरतात. ते झोपले की मेंदूला रक्त मोकळं मिळतं," असं म्हणाले. थोड्या वेळात दादाची डावी पापणी खाली आली. वहिनी घाबरून ओरडली, तर डॉक्टर खूश! म्हणे, इंजेक्शन लागू पडल्याची ती खूण.

"भावजी, हात लावून बघा, गाल कसा गरम झालाय," वहिनी मला म्हणाली.

आईच्या तेराव्याला आम्ही भावाभावांनी भांडण केलं, त्यानंतर मी त्याला हात लावला तो आज. गाल खरंच ऊबदार होता. क्षणभर मला मूर्खासारखं वाटलं, यानं आपल्याला ओळखलं. एवढ्याशा सुईनं जे सैल होतं, ते आम्ही बारा वर्षं दातओठ खाऊन आवळून धरलं होतं.

मग उजव्या गालाला हात लावला. तो गार होता.

"घाबरू नका काका," सिस्टर म्हणाली, "संध्याकाळपर्यंत औषधाचा अंमल उतरेल. मग दोन्ही बाजू सारख्या होतील."