हॉटेलात पाहुणा

हॉटेलात जेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत; पण हॉटेलात पाहुणा म्हणून जाणारा माणूस आयुष्यात एकच पाहिला, आणि तो सोलापुरात कॉलेजची सगळी वर्षं माझ्याच खोलीत राहत होता. मी बार्शीकडच्या एका खेड्यातला, तो करमाळ्याच्याही पलीकडच्या एका वाडीतला. त्याच्या घरी मेंढरं होती आणि थोडी कोरडवाहू जमीन. मोठा दुष्काळ नुकताच ओसरला होता आणि दोघांच्याही घराण्यात कॉलेजात जाणारे आम्हीच पहिले होतो, त्यामुळे शहरात कसं वागायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यावर मी माझ्यापुरता एक उपाय काढला होता, तो म्हणजे प्रत्येक गोष्टीला भ्यायचं. त्यानं दुसरा काढला. त्याच्या वाडीत हॉटेल नव्हतं. घराबाहेर जेवायचं म्हणजे कुणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून जायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि पाहुण्यानं कसं वागावं याचे नियम त्याला तोंडपाठ होते. ते त्यानं सोलापूरच्या हॉटेलांना लावले. मला अजूनही त्यात त्याचं काही चुकलं असं ठामपणे म्हणता येत नाही.

आम्ही ट्रंका घेऊन सोलापुरात उतरलो त्या दिवशी स्टँडजवळच्या एका हॉटेलात शिरलो. दोघंही सकाळपासून उपाशी होतो. वेटर आला आणि म्हणाला, "बोला, काय आणू?"

"कायबी नगं," सोबती म्हणाला. "आत्ताच जेवून आलोय."

वेटर निघून गेला. सोबती मांडी घालून स्वस्थ बसला. "इचारंल की परत," तो मला हळूच म्हणाला. पहिल्या विचारण्याला हो म्हणणं त्याच्याकडे हावरेपणाचं समजत. वेटरनं आजूबाजूच्या सगळ्या टेबलांवर ताटं पोचवली, दोनदा आमच्या अंगावरून गेला, पण आमच्याकडे वळून पाहिलं नाही. "मानूस जरा रागीट दिसतोय," सोबती म्हणाला. शेवटी मीच भीतभीत हात वर करून दोन राईसप्लेट मागवल्या. ताट पुढ्यात आल्यावरही तो "कशाला, कशाला" म्हणत हात आखडून बसला. "अरे, घे की," मी म्हणालो. "तू म्हनतोस तर घेतो," असं म्हणून त्यानं ताट स्वच्छ केलं आणि पुन्हा भात मागवण्यासाठी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून वाटणी ठरून गेली. नको म्हणायचं काम त्याचं, आग्रह करायचं माझं. कधी मला लेक्चर असलं आणि तो एकटाच हॉटेलात गेला, तर उपाशी परत येई.

कुठल्याही हॉटेलात तो रिकाम्या हातानं जात नसे. गावाहून येताना त्याच्या पिशवीत हुरडा, बोरं, शेंगा असं काहीबाही असे आणि सोलापुरात पोचल्याबरोबर त्याची वाटणी होई. आमच्या कोपऱ्यावर एका चाचांचं चहाचं हॉटेल होतं. चहा, खारी आणि अंडा आम्लेट यांखेरीज तिथं काही मिळत नसे. त्यांच्या गल्ल्यावर यानं एकदा चांगला मांडीएवढा दुध्या भोपळा नेऊन ठेवला.

"ये क्या है रे, पैलवान?" चाचा म्हणाले. सोबती अंगानं काडीसारखा होता म्हणून ते त्याला पैलवान म्हणत.

"रानातला हाय, चाचा. औंदा लई लागल्यात."

"होटल में भोपळे का क्या करूँ मैं? चाय में डालूँ?"

"चाचीला द्या की."

चाचांनी भोपळा उचलून गल्ल्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे खारीची बशी सरकवली. तो नियमाप्रमाणे "नगं, नगं" म्हणाला आणि चाचांनी बशी उचलून परत बरणीत रिकामी केली. मी त्या वेळी बाहेर तुटलेली चप्पल बांधत होतो, म्हणून आग्रहाला उशीर झाला.

एका हॉटेलात खाऊन दुसऱ्या हॉटेलावरून जाणं हे त्याच्या मते सर्वांत वाईट. आम्ही कधी भज्यांच्या दुकानात गेलो, की परत येताना तो चाचांचा रस्ता टाळून मधल्या बोळांतून अर्धी पेठ पालथी घालून खोलीवर येई. मलाही फिरावं लागे. "अरे, त्यांना काय कळतंय?" मी म्हणायचो. "कळतंय. दुसऱ्याकडं खाऊन तोंड पुसत दारावरनं जायाचं, बरं दिसतंय व्हय?" आणि एकदा चाचांनी खरोखरच विचारलं, "क्या पैलवान, कल किधर मर गए थे?" तेव्हा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे वाद घातला नाही. भज्यांच्या दुकानाचा मालक तर कुणाशीच बोलत नसे. बशी टेबलावर आपटायची आणि वळायचं, एवढाच त्याचा गिऱ्हाइकांशी संबंध. सोबती निघताना त्याच्यासमोर उभा राहून, मागे माणसं खोळंबलेली असताना, "येऊ का मग?" असं विचारी. उत्तर येत नसे. "बोलून दावत न्हाईत, पन मनातनं मानत्यात. आमचा थोरला मामा असाच हाय," तो मला बाहेर आल्यावर सांगे. कुठं आमटी अळणी असली तर इतर पोरं आरडाओरडा करत. हा काळजीत पडे. "आज घरात कायतरी बिनसलंय," म्हणे.

पण त्याचा खरा जीव होता तो शुक्रवार पेठेतल्या खानावळीवर. अक्कलकोटकडचं एक जोडपं ती चालवत असे. सगळे त्यांना अण्णा आणि अक्का म्हणत. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. पुढच्या खोलीत पाट मांडलेले, आत चुलीवर भाकरी थापण्याचा आवाज. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वरून दही, आणि एखाद्या दिवशी भरलं वांगं. तसं वांगं मी नंतर कुठं खाल्लं नाही, पण त्याबद्दल लिहीत बसलो तर हा लेख वांग्याचाच होईल. आत आलेल्या प्रत्येकाला अक्का विचारायच्या, "ऊटा आतेन?" म्हणजे जेवण झालं का? जेवायला आलेल्या माणसाला जेवण झालं का म्हणून विचारणारी सोलापुरातली ती एकच खानावळ असावी. सोबत्याच्या मते मात्र सबंध शहरात रीतीला धरून विचारलेला तेवढा एकच प्रश्न होता. तो "झालं, झालं, आत्ताच" म्हणे, अक्कांना ते ऐकू जात नसे की त्या ऐकत नसत कोण जाणे, आणि त्याच्या ताटात भाकरी पडे. तिथं मला आग्रहाचं काम नव्हतं.

तिथं तो स्वतःला घरचाच समजे. पाट डुगडुगू लागला तर खालून चकती ठोकून देई. अण्णांना ताप आला तेव्हा हा जेवणं सोडून त्यांच्या उशाशी जाऊन बसला. त्यांची थोरली मुलगी ताटं आणून देई. इथं वाचकांच्या मनात काही वेगळं येण्याआधी सांगतो, की ती दिसायला कशी होती हे त्याला अखेरपर्यंत माहीत नव्हतं. ती आली की हा चटणीकडे बघत असे. मोठ्या बहिणीसमोर त्यांच्या वाडीत तसंच बसतात म्हणे.

या थोरलीचं लग्न ठरलं. ती बातमी त्यानं खोलीत आणली तेव्हा तो धापा टाकत होता. "आपल्या अक्कांच्या थोरलीचं जमलं! पोरगा दुधनीकडचा हाय." त्यानं लगेच घरी निरोप धाडला आणि आहेर म्हणून त्याच्या घरच्या लोकरीची घोंगडी एस. टी.च्या कंडक्टरबरोबर आली. सदरा धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री झाली. आणि त्यानं खानावळीत जाणं बंद केलं.

"का रे?"

"आवतान यायच्या आदी त्या दारात जायाचं म्हंजी मागितल्यागत हुतंय, लेका. अक्षता घिऊन ती दोघं हितं येत्याल. मग बघू."

तो खोलीवर वाट बघू लागला. रोज झाडलोट होई. माझ्या कॉटवरची चादर बरी होती म्हणून ती अक्कांच्या बसण्यासाठी राखून ठेवली आणि मी सतरंजीवर झोपू लागलो. मी बाहेर जाताना कुलूप लावलं तर तो चिडे, कारण ऐन वेळी किल्ली सापडली नाही तर काय. जेवण म्हणजे चाचांकडची खारी. ती मीच बांधून आणत असे; तो कुठं गेलाच तर मला दारात बसवून जाई.

मी एकटाच खानावळीत गेलो. अण्णा कोपऱ्यात बसून पत्रिकांच्या कोपऱ्यांना कुंकू लावत होते. अक्का मला म्हणाल्या, "तुझी दोस्त कुटं गेला?"

"खोलीवर आहे," मी म्हणालो.

"हं," म्हणाल्या आणि भाकरी वाढून आत गेल्या. मला पुढचं बोलायचं होतं. पण दुसऱ्यासाठी आमंत्रण कसं मागतात, हे मला ठाऊक नव्हतं. हात धुताना भिंतीवरची पाटी दिसली. 'घरच्या कार्यामुळे खानावळ बंद राहील. गिऱ्हाइकांनी आपली सोय करावी.' ती पाटी कुणासाठी आहे हे मला लगेच कळलं. मी खोलीवर आल्यावर काही बोललो नाही, पण संध्याकाळी त्यानं ती समोरच्या फुटपाथवरून वाचलीच.

"बोर्ड गिऱ्हाइकाला हाय," तो म्हणाला. "आपल्याला आवतान येनार."

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं हे म्हणणंही सोडून दिलं. दार उघडं ठेवून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी चिवड्याची पुडी पुढे केली. तो "नगं" म्हणाला. मी आग्रह केला. तरी तो "नगं"च म्हणाला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं आणि त्यापुढे काय करायचं हे मला सुचलं नाही. मी त्याला गिऱ्हाईकच समजत आलो होतो, मनातल्या मनात हसतही आलो होतो. पण त्या वेळी मला असं फार वाटलं, की माझं म्हणणं खोटं ठरावं.

सकाळी बँड ऐकू आला. तो उठला, आंघोळ केली, सदरा घातला आणि घोंगडी काखेत मारली. "मांडवात जायाचं न्हाय," म्हणाला. "बोळाच्या तोंडाला हुबं राहून अक्षता टाकायच्या. घोंगडी कुनाच्या तरी हातनं आत द्यायची आनि माघारी यायचं."

आम्ही बोळाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. अण्णा फेटा बांधून पाहुण्यांचं स्वागत करत उभे होते. त्यांनी मला पाहून हात जोडले. "या, या. बसा पंगतीला." कुणीतरी मला गंध लावलं, कुणीतरी दंड धरून पाटावर बसवलं. मग अण्णांची नजर माझ्या मागे गेली आणि ते एकदम कडाडले, "आता आला व्हय? हितं वाढपी पळून गेलंय, खानावळवाल्याच्या घरचं लग्न आनि वाढायला मानूस न्हाय! ती घोंगडी ठेव तिकडं. बादली घे!"

अण्णांनी बादली त्याला घरचा म्हणून दिली, की वाढपी पळाला होता आणि समोर ओळखीचा कुणी दिसला म्हणून दिली, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याला तो प्रश्न पडलाच नाही. त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि हुग्गी, म्हणजे त्यांच्याकडची गव्हाची खीर, वाढायला सुरुवात केली.

तसा वाढपी सोलापूरनं पुन्हा पाहिला नसेल. पाहुणा नको म्हणतो तेव्हा त्याला हवं असतं, या त्याच्या श्रद्धेला आयुष्यात पहिल्यांदाच योग्य जागा मिळाली होती. लोक पत्रावळीवर आडवे हात धरत, तो हातांवरून खीर ओते. वराकडचे एक जाडजूड गृहस्थ काकुळतीला आले. "पुरे हो, खरंच पुरे. पोटात जागा नाही."

"असं म्हनायचंच असतंय," तो समजुतीनं म्हणाला आणि दोन डाव वाढले.

माझ्या पानाशी तो आला तेव्हा मी त्याच्याकडे बघून हसलो. तो हसला नाही. यजमान पाहुण्याकडे बघतो तसं बघून म्हणाला, "सावकाश हू द्या." आजवर तो मला कधी अहोजाहो बोलला नव्हता.

पंगतीमागून पंगती उठल्या. मी मांडवात एका खुर्चीवर बसून त्याची वाट पाहिली. ऊन उतरलं, बँडवाले गेले, वरात निघायची वेळ झाली, आणि मग आत घरच्या माणसांची शेवटची पंगत बसली. खीर संपलेली होती. ती कुणामुळे संपली हे सगळ्यांना माहीत होतं आणि अण्णा ते कानडीत पुन्हा पुन्हा सांगत होते. नुसता भात आणि सार उरलं होतं. अक्कांनी त्याच्या हातातली बादली काढून घेतली आणि नवरीच्या धाकट्या भावाशेजारी त्याला ढकलून बसवलं. तो नको म्हणाला नाही. भातावर सार ओतून घेतलं आणि मान खाली घालून भराभर जेवू लागला.

मी दारातून बघत होतो. अक्का सगळ्यांच्या पानांवरून फिरत दारापर्यंत आल्या, माझ्याकडे पाहून ओळखीचं हसल्या आणि वळल्या. मला कुणी बस म्हटलं नाही. म्हणायला कारणही नव्हतं. मी पहिल्याच पंगतीला पोटभर जेवलो होतो.