फ्लेक्सवर माझे वडील नव्हते

वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मरोळला आमच्या कॉलनीच्या गेटवर दहा फुटी फ्लेक्स लागला. चेहरा वडिलांचा, मानेखालचा माणूस भलताच. फुगलेले दंड, हातात एवढी मोठी बंदूक, मागे आगीचे लोळ. मंडळाच्या अध्यक्षाने इंटरनेटवरून कुणीतरी कमांडो उचलला होता आणि त्याच्या धडावर वडिलांचं पंचाहत्तरीतलं डोकं बसवलं होतं. चष्म्यासकट. आईच्या गोळ्या घेऊन येत होते, तिथेच उभी राहिले. आधी हसू आलं, मग संताप आला. तो अजून गेलेला नाही.

वडील एकाहत्तरच्या लढाईत होते हे खरं आहे. ते मिलिटरीचा ट्रक चालवायचे. जाताना पिठाची पोती, येताना जखमी माणसं. रस्ता खराब होता आणि मागून कण्हण्याचे आवाज यायचे म्हणून गाडी हळू चालवायचो, एवढंच सांगायचे. बंदुकीची गोष्ट मागितली की चिडायचे.

मिलिटरी सोडल्यावर ते इथे कंपनीच्या बसवर लागले, दुपारपाळीला. आई औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला, सकाळी सातची पाळी. म्हणजे सकाळी घरात वडील आणि आम्ही दोघी बहिणी. शाळेत रिबिनी लावून दोन वेण्या लागायच्या. वडिलांनी आईकडून वेणी शिकून घेतली, पण घालायचे ट्रकवरचा माल बांधावा तशी, करकचून. डोळे ताणले जायचे, आणि संध्याकाळपर्यंत एक केस हलायचा नाही. हे दार लावून नाही, चाळीच्या गॅलरीत, उजेड बरा म्हणून. अंगात बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, दातात फणी. येणारे-जाणारे पुरुष दात काढायचे. मिलिटरीवाला बाईमाणूस झाला म्हणायचे. समोरच्या खोलीतले काका तर रोज. एकदा वडील त्यांना शांतपणे म्हणाले, "तुझ्या पोरीलाही पाठव. भांग वाकडा असतो तिचा." दुसऱ्या दिवशी ती खरंच येऊन बसली.

चाळ पडली, बिल्डिंगी झाल्या, शेजारी तेच राहिले. त्या काकांचा मुलगा आज मंडळाचा अध्यक्ष आहे. मी सरळ त्याच्याकडे गेले.

"उतरव तो."

"अगं, इज्जत दिलीय ना तुझ्या बाबांना. रविवारी शोकसभा आहे, पाहुणे येणार. फोटो बघ ना, झकास आलाय."

"झकासच आलाय. फक्त माणूस दुसरा आहे."

तो म्हणाला, आधी आईला विचार. आईला तो फ्लेक्स आवडला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण कॉलनीतल्या नव्या पोरांच्या लक्षात हाच बंदूकवाला राहणार आणि खरा माणूस आमच्या घरापुरता उरणार, हे मला चालणार नव्हतं. मला माझे वडील हवे होते, जसे होते तसे.

आईला हात धरून गेटवर आणलं. तिने मान वर करून फ्लेक्स पाहिला. मग अध्यक्षाकडे वळून मालवणीत म्हणाली, "ह्यो कोण? माझो घोव खंय असा?"

तिचा नवरा कुठे आहे ते दाखवायला मी घरून फोटो आणून त्याच्या हातात दिला. गॅलरी, बनियन, दातात फणी, पुढे ओळीने बसलेल्या तीन मुली.

"बनियनवर? शोकसभेला? लोक काय बोलतील यार?"

"तेव्हाही बोलायचे. तुझे बाबा सगळ्यात पुढे होते."

त्याने फोटो डोळ्यांजवळ नेला. "ही तिसरी आमची ताई ना?"

"तीच. दहावी होईपर्यंत रोज यायची."

मग त्याने मोबाइलवर फोटोचा फोटो काढला आणि फ्लेक्सवाल्याला फोन लावला. मध्येच फोनवर हात ठेवून मला विचारलं, "आधीच्यावर खाली 'शूरवीर' छापलंय. ते काढायला सांगू ना? या फोटोला सूट नाही होणार."

"ते ठेव," मी म्हटलं. "आणि आधीपेक्षा मोठं छाप."