रोज उचलणारा हात

मिस्त्री सकाळी शेडमध्ये आले की आधी ग्लायडरची शेपटी उचलत. चहा नंतर, रामराम नंतर. शेपटीच्या टोकाशी उकिडवे बसायचे, खाली दोन्ही तळवे घालायचे, वीतभर वर उचलून क्षणभर तसेच धरायचे आणि अलगद खाली ठेवायचे. मग म्हणायचे, "बरोबर हाय." हे कानावर पडल्याशिवाय आमच्यापैकी कुणी ग्लायडर शेडबाहेर काढत नसे.

काष्टीजवळच्या माळावर आमच्या क्लबची पत्र्याची शेड होती आणि क्लबजवळ एकच ग्लायडर होतं, लाकडाचं आणि कापडाचं. त्याला इंजिन नव्हतं. जुन्या ट्रकच्या इंजिनावर चालणारं विंच लांब दोर गुंडाळायचं आणि पतंगासारखं त्याला वर खेचायचं. मी तेव्हा नगरला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि रविवारी पॅसेंजरने काष्टीला येत होते. एकटीने उडायची परवानगी मला नुकतीच मिळाली होती. वजन बेताचंच, म्हणून आसनाखाली वाळूची पिशवी बांधावी लागे. पिशवी मिस्त्रींनी स्वतः शिवली होती. ती बांधताना दर वेळी म्हणायचे, "बाई, जरा जेवत जावा. ही वाळू किती दिस उडवायची?"

ते मूळचे काष्टीतले सुतार. बैलगाड्या आणि कुळव करता करता क्लबच्या कामाला आले आणि ग्लायडरलाही शेवटपर्यंत 'गाडी'च म्हणत राहिले. आमच्या माळावर मुरूम आणि धोंडे. उतरताना शेपटी आपटायची, तिची पातळ फळी तडकायची. मिस्त्री तिथे नवी फळी सरसाने डकवायचे, वर कापड, कापडावर रोगण आणि मग आणखी एक थर जादा. मी एकदा विचारलं, हा जादा थर कशाला? म्हणाले, "माझ्या हातनं गेल्याली वस्तू परत तितंच मोडायची न्हाई." आणि खरंच, ती तिथे परत कधी मोडली नाही. मोडायची ती दुसरीकडे, आणि तिथेही जादा थर बसायचा.

बहात्तरच्या खंडेनवमीला त्यांनी हत्यारांची पूजा शेडमध्येच केली. रंध्याला, करवतीला आणि ग्लायडरच्या नाकालाही झेंडूची माळ घातली. त्यांची बायको, आमच्या मावशी, नातीला घेऊन आल्या होत्या. मुलीची मुलगी, नाव सुमी, दोन वर्षांची व्हायची होती. तिची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, त्यामुळे पोर दिवसभर आजा-आजीजवळ. मावशींनी तिला माझ्या हातात दिलं आणि मी हसत म्हटलं, "अगं बाई, केवढी जड ही!" मिस्त्री खूश झाले. "हिला बी रोज उचलून बघतो, शेपटीवानी," म्हणाले.

पावसाने त्या साली तोंड दाखवलं नव्हतं. माळ तापायचा आणि ती तापलेली हवा आम्हाला सरसर वर न्यायची. खाली माणसं खडी फोडत होती आणि वर आम्ही असली हवा दहा वर्षांत मिळाली नाही म्हणून खूश होतो. आज त्याची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, हेही सांगून टाकते.

दिवाळीनंतर गाडी बिघडली. हातातली स्टिक पुढे ढकलली की ग्लायडरचं नाक खाली जातं, मागे ओढली की वर. सारखा जोर लावावा लागू नये म्हणून शेजारी ट्रिमची एक मूठ असते. ती जागेवर बसवली की स्टिक सोडली तरी नाक सरळ राहतं. पण आता मूठ पार पुढे सारली तरी नाक वर जाऊ लागलं. नाक फार वर गेलं की वेग मरतो आणि वेग मेला की ग्लायडर दगडासारखं खाली येतं. मी सगळा वेळ स्टिक पुढे दाबून धरायचे.

आम्हाला उडायला शिकवणाऱ्या सरांनी स्वतः एक फेरी मारली आणि जाहीर केलं, "काही झालेलं नाही. बाई घाबरतात आणि स्टिक ओढतात." सर वजनाने माझ्या दुप्पट होते. बाकीच्यांनाही मला हसायला तेवढंच निमित्त हवं होतं. मिस्त्री मात्र मला बाजूला घेऊन एकेक विचारत बसले. "कवापासनं हुतंय? वळताना बी हुतंय का? मूठ कुठवर जाती?" सगळं ऐकून म्हणाले, "बाई खोटं कशाला सांगत्याल? घावंल. हुडकतो."

तीन रविवार ते हुडकत होते. ट्रिमची स्प्रिंग बदलली. स्टिकपासून शेपटीपर्यंत जाणारी तार बोटांत धरून वीत-वीत तपासली. कप्प्या काढून पुसल्या, बिजागऱ्या हलवून पाहिल्या. शेपटीची झडप जेवढी खाली जाते तेवढी वर जाते का, ते लाकडी पट्टीने मोजलं. प्रत्येक खेपेला मी उडायचे आणि उतरून नकारार्थी मान हलवायचे. "मग अजून न्हाई घावलं," एवढंच म्हणून ते परत कामाला लागायचे. कधी चिडले नाहीत.

शेवटी मीच म्हटलं, "शेपटी तोलून बघायची का?" सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "काटा कशाला, बाई? हात हाय न्हवं. रोज उचलतो." मला तेव्हाच गप्प बसता आलं असतं. पण मी पडले मास्तरीण. बाजारातल्या एका आडत्याला गळ घातली आणि त्याचा धान्य तोलायचा काटा बैलगाडीत घालून माळावर आणवला.

शेपटी काट्यावर ठेवली. ग्लायडरच्या मूळ कागदावर लिहिलं होतं त्यापेक्षा वजन अडीच किलो जास्त भरलं. सरांनी हिशेब करून सांगितलं की शेपटी इतकी लांब मागे असते, की तिथल्या अडीच किलोंना पुढे बसणाऱ्याच्या अंगावर बारा-तेरा किलो तरी लागतात. माझ्या अंगावर ते नव्हते. मिस्त्रींनी शेपटीवरून हात फिरवला. एकेक ठिगळ चाचपत टोकापर्यंत गेले. फळी, सरस, कापड, रोगण, वर जादा थर. प्रत्येक ठिगळाला मूठ-मूठ वजन वाढलं होतं, आणि प्रत्येक ठिगळानंतर दुसऱ्या दिवशी त्यांनी शेपटी उचलून 'बरोबर हाय' म्हटलं होतं.

"रोज उचलत हुतो, बाई," ते म्हणाले. "म्हनूनच न्हाई कळलं."

कुणी त्यांना बोल लावला नाही. सरांनी तर पाठीवर हात ठेवला. पण मिस्त्रींनी महिनाभर खाली मान घालून आपली सगळी ठिगळं आपल्याच हाताने काढली, आणि नवी पातळ फळी चढवताना तिचा प्रत्येक तुकडा आधी काट्यावर ठेवला. शेपटी उचलून बघायचं त्यांनी सोडलं. संक्रांतीच्या सुमारास मी उडाले. वर जाऊन स्टिक सोडली, नाक जागचं हललं नाही. आनंदाने उतरून शेडकडे धावले, तर मिस्त्री हत्यारं घेऊन घरी निघून गेले होते. ते परत आले नाहीत.

शिमगा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. मावशी दारातच म्हणाल्या, "कामच सोडलंय त्येंनी. कुनी कुळव आनला तर म्हनत्यात, दुसरीकडं न्या. भाकरीचं पीठ बी मापून घ्या म्हनत्यात." आत मिस्त्री सुमीला मांडीवर घेऊन बसले होते. पोरीचे डोळे चेहऱ्यापेक्षा मोठे दिसत होते.

"बाई, बरं झालं आलासा," ते म्हणाले. "जरा हिला उचलून बघा. हिची आई म्हनती पोर उतरली. आजी म्हनती न्हाई. मला न्हाई कळत. मी रोज उचलतो."

मी तिला उचललं. खंडेनवमीचा अंदाज माझ्या हातांत होता. त्या अंदाजाने जोर लावला आणि पोर एकदम माझ्या खांद्यापर्यंत वर आली. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या माणसाला मी एकदा खरं वजन दाखवलं होतं आणि त्याचं काय झालं ते माझ्यासमोर बसलेलं होतं. पुन्हा ते करवेना.

"बरोबर आहे, मिस्त्री," मी म्हटलं.

त्यांनी केवढा तरी श्वास सोडला. पुष्कळ दिवसांनी हसले. मी मनाशी ठरवलं, पुढच्या रविवारी दुधाची पावडर घेऊन यायचं, काहीतरी निमित्त काढून पोरीला नगरला डॉक्टरकडे न्यायचं. मग शाळेच्या परीक्षा आल्या, पेपरांचे गठ्ठे आले. तीन रविवार गेले.

पाडवा झाल्यावर पावडरचा डबा घेऊन काष्टीला उतरले. बाजारातून जाताना काटा देणाऱ्या त्या आडत्याने हाक मारली.

"बाई, मिस्त्र्याची नात गेली, कळलं का? हगवन लागली, दोन दिसांत आटोपली. अंगात कायच ऱ्हायलं नव्हतं पोरीच्या. डाक्टर लई वरडला त्येंच्यावर, आधी का आनली न्हाई म्हनून. मिस्त्री म्हनलं, शाळंतल्या बाईंनी उचलून बघितल्ती, बरोबर हाय म्हनल्या हुत्या."

त्याच्या मागे तोच काटा उभा होता. त्यावर मिलोचं, दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल ज्वारीचं, पोतं होतं. मी डबा त्याच्या दुकानातच ठेवला आणि स्टेशनवर परत आले. मिस्त्रींच्या दारात जायची हिंमत मला त्या दिवशी झाली नाही. पुढे काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं, तेव्हाही झाली नाही.